दिनदर्शिकेमागचा पुढारी

मी, श्रीमती शरयू विष्णू दिघे, वय चौऱ्याहत्तर, राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी, पूर्ण शुद्धीवर आणि नेहमीप्रमाणे थोड्या रागात, कोणाच्याही दबावाला न जुमानता हे लिहून ठेवते. दबाव आलाच नाही, असे मात्र म्हणणार नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा नकुल व सून प्रीता यांना समसमान.

२. लाकूड कोरायच्या छिन्न्या, जिथे मी शिकवले त्या कॉलेजला. कागद घासून ठसा उमटवायचा लाकडी डाव मात्र प्रीताला. त्याने वरण ढवळू नये, त्याला शाईचा वास आहे.

३. खरा प्रश्न दिवाणखान्यातल्या चित्राचा. माझ्या गुरू इल्झबाई यांनी ते १९३१ साली जर्मनीत लाकडावर कोरून कागदावर छापले. त्यांच्या गावचा पुढारी सभेत बोलतो आहे. तोंड उघडे, डोळे मिटलेले, मागे टाळ्या वाजवणारे नुसते हात. पुढे त्याचा पक्ष सत्तेवर आला. कोरलेला लाकडाचा ठोकळा पोलिसांनी नेला नाही. ते येतील या धास्तीने बाईंच्या सख्ख्या भावानेच तो शेगडीत घातला. उरलेला हा एकच कागद कोटाच्या अस्तरात शिवून बाई अमेरिकेला आल्या. त्याच्या घड्या अजून दिसतात. भावाचे नाव त्यांनी पुन्हा घेतले नाही.

४. यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या प्रदर्शनात मी ते लावले. अध्यक्ष प्रसन्न कारखानीस, आमचे शेजारी, यांनी आरतीच्या आधीच उतरवले. "काकू, प्लीज, उगाच कॉन्ट्रोव्हर्सी नको. हे कोण आहेत ते सगळ्यांना कळतंय."

"जर्मन माणूस आहे रे, कधीच मेला. तुला कोण दिसलं?"

ते आरतीची तयारी बघायला वळले. चोराच्या मनात चांदणे. मंडळाला माझ्याकडून साधी समईसुद्धा मिळणार नाही.

५. प्रीताचे वेगळे. तिचे ग्रीन कार्ड अडकले आहे. घरी आलेल्या कोणी चित्राचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि तो सरकारच्या नजरेला पडला तर, म्हणून तिने त्याच खिळ्यावर मंडळाची दिनदर्शिका लटकवली. "आई, थोडेच दिवस. मला खरंच भीती वाटते हो." नकुल म्हणतो, "जस्ट डोनेट इट, आई." मी रोज दिनदर्शिका उचलून बघते आणि संतापते. पोरीवर नाही, तिला घाबरवणाऱ्यांवर.

तरीही चित्र प्रीतालाच. तिने ते साड्यांखाली लपवावे, टेक्सासमधल्या शुगर लँडला आपल्या मावशीकडे पाठवावे, माझी हरकत नाही. शौर्य मी मागत नाही. जाळू मात्र नकोस, बाळ. एवढे एक कर.

सहीच्या वेळी घडलेले इथेच जोडते. साक्षीला माझी विद्यार्थिनी वैदेही, आणि शेजारधर्म म्हणून प्रसन्न व त्यांची पत्नी सुमेधा आले होते. चौथे कलम वाचून प्रसन्न यांनी पेन खाली ठेवले. "सॉरी काकू, यात माझं नाव नको."

सुमेधा म्हणाली, "मी करते सही. पण आधी ते चित्र बघू दे मला."

कोणी जागचे हलेना. मग प्रीता उठली आणि तिने स्वतःच्या हाताने दिनदर्शिका उतरवली. सुमेधाने चित्र बराच वेळ पाहिले आणि सही केली. मंडळी गेली, तरी प्रीताने दिनदर्शिका परत लावलेली नाही. ती सोफ्यावर पडून आहे.

साक्षीदार: १. वैदेही राजवाडे, माझी जुनी विद्यार्थिनी
२. सुमेधा कारखानीस

सही: शरयू विष्णू दिघे
पिस्कॅटवे, १९ ऑक्टोबर २०२५