उजेडाकडे तोंड करून

४ जानेवारी, रविवार

मुलीचं पुन्हा तेच — बाबा, बाहेरची खोली बदला. "दारातून आत आलं की वाटतं, आई आता आरशात बघून हसेल. तिथे मी बाळाला घेऊन महिनाभर कशी राहू?" ओळखीतल्या इंटिरियरवाल्या बाईंचा नंबर पाठवलाय. निदान सल्ला तरी घ्या म्हणते. घेतो.

बाळाच्या कानांची तपासणी अर्धवट राहिली. रडून गोंधळ घातला म्हणे. पुन्हा बोलावलंय. हल्ली सगळ्याच बाळांची करतात.

७ जानेवारी

दाढी केली. मिशी तशीच राहू दिली. आता कुणासाठी काढायची!

१० जानेवारी, शनिवार

बाई आल्या. तिशीच्या असतील, हसऱ्या. दारातच थबकल्या. "काका, इथे पंचायत भरते का हो?" — खुर्च्या सगळ्या गोल, एकमेकींकडे तोंड करून, म्हणून. "आणि टीव्ही बिचारा शिक्षा केल्यासारखा कोपऱ्यात!" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

मग त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "तिथे नको, इकडे बसा. चेहरा अंधारात जातो."

"मी दिसतेय की तुम्हाला!"

मला दिसत होत्या. मग सांगावंच लागलं. बायकोला ऐकू येत नव्हतं, लहानपणापासून. ओठ बघून समजून घ्यायची. म्हणून आमच्याकडे खिडकीला पाठ करून कुणी बसायचं नाही. दिवा बोलणाऱ्याच्या तोंडावर. शिलाई मशीनसमोर भिंतीला आरसा, म्हणजे शिवता शिवता मागे दारात कोण आलं ते दिसायचं. गालिचा घातलाच नाही कधी. लाकडी जमिनीवर पाय आपटला की तिला तळव्यांतून कळायचं, कुणीतरी हाक मारतंय.

बाई टेप हातात धरून बसून राहिल्या. "म्हणजे ही खोली कुणीतरी आधीच विचार करून लावलीय."

"हो. तिनेच."

"मग मला कशाला बोलावलंत, काका?"

मुलीसाठी, म्हटलं.

त्यांनी उठून मापं घेतली. सोफा भिंतीला, टीव्ही समोर, मशीन आतल्या खोलीत, मऊ गालिचा, मंद दिवे. आरसा एवढ्या खाली नको, आणि त्यात नुसतं दारच दिसतं. कुणाला देणार का? बघू म्हटलं.

१४ जानेवारी

ऑफिसात नवी मुलगी आलीय. आज म्हणाली, "सर, तुम्ही एवढं तोंड उघडून का बोलता? मला ऐकू येतं!" जुन्या लोकांनी माना खाली घातल्या. तिला बिचारीला काय माहीत.

मिशीचं मात्र कौतुक झालं. लग्नाआधी होती मला. बघायला गेलो तेव्हा ती पहिलंच वाक्य बोलली ते हे — "हे झुडूप काढा, शब्द अडकतात." तिचा आवाज परक्यांना चटकन कळायचा नाही. मला पहिल्याच दिवशी कळला. घरी येऊन काढून टाकली. आई म्हणाली, अजून होकार आला नाही तोवर हे हाल!

१८ जानेवारी

माणसं आली, खोली लावून गेली. खुर्च्या होत्या तिथे जमिनीचा रंग वेगळा होता. त्यावर गालिचा आला.

आरसा कपाटामागे उभा केलाय.

१९ जानेवारी

संध्याकाळी घरी आलो, आणि सवयीने दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. मी आलो, एवढाच त्याचा अर्थ. मग पाय आपटला. गालिच्यावर काही आवाजसुद्धा झाला नाही.

तसाच उभा राहिलो. चपला पायात.

२२ जानेवारी

लिहू नये असं वाटतं, पण हे कुणाला सांगणार.

तिच्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात सगळ्यांच्या तोंडावर मास्क. डॉक्टर, नर्स, सफाईवाली. मलाही लावल्याशिवाय आत सोडेनात. तिच्यासाठी ती खोलीच मुकी होती. मी जवळ जाऊन बोललो. बराच वेळ बोललो. हातांची भाषा आम्ही शिकलो नव्हतो, घरच्या काही खुणा होत्या तेवढ्याच — चहा टाक, बाहेर जाऊन येतो, हा पाहुणा आता उठत नाही. मला जे सांगायचं होतं त्याला आमच्याकडे खूण नव्हती. कधी लागलीच नव्हती.

तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि मान हलवली. हो, हो.

ती मान मी ओळखतो. बाहेर कुणी भराभर बोलायला लागलं, काही कळेनासं झालं, की त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून ती अशी मान हलवायची. परक्या माणसांना.

मला कधीच नाही. तेवढी एकदा.

२५ जानेवारी, रविवार

मुलीला खोलीचे फोटो पाठवले. लगेच फोन आला. "छान झालीय, बाबा. अगदी कुणाचंही घर वाटतं." मग रडण्याचा आवाज. "मीच मागे लागले होते ना हो." मी म्हटलं, अगं, सोफा खरंच आरामाचा आहे. खोटं. मान अवघडते.

लहानपणी ही आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि मगच बोलायची. शाळेत बाईंचीही धरली होती. तक्रार आली होती घरी!

२९ जानेवारी

इंटिरियरवाल्या बाईंचा फोन. आरशाला गिऱ्हाईक आहे, माणूस पाठवू का? पुढच्या आठवड्यात बघू, म्हटलं. "काका, नसेल द्यायचा तर नका देऊ." तसं नाही, म्हटलं. ठेवायचा तर तो कुणी बघायचा? भिंतीवर जागाही नाही आता.

२ फेब्रुवारी

पाठवा म्हणून कळवलं. शनिवारी माणूस येईल.

मिशी चांगलीच दाट झालीय.

५ फेब्रुवारी

मुलीचा फोन. बाळाची तपासणी पुन्हा झाली. दोन्ही कान आजीचे.

मग हळू आवाजात — "बाबा, आरसा दिला नाहीत ना?"

नाही.

बाईंना कळवलं, माणूस पाठवू नका. सोफा भिंतीपासून हलवला, गालिचा गुंडाळला. आरसा जागेवर लावला, आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून आधी मिशी काढली.