रिकामा पेला

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे कोरियात आपला पेला आपण भरायचा नसतो, शेजारच्याने भरायचा. शाळेतल्या शिक्षकांसोबतच्या पहिल्याच जेवणात मी बाटली उचलली, तर शेजारचे ग्वाकसर ती काढून घेत म्हणाले, "अहो, मी काय मेलोय का?" सगळे हसले होते.

शाळेला आता परदेशी बाई नकोत, हे परवाच्या जेवणात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ग्वाकसर मान खाली घालून जेवत राहिले. माझा पेला शेवटपर्यंत रिकामा राहिला, तेव्हा मला कळलं.

आता खोलीत एकटी असते. तहान लागते, पण स्वतःच्या हाताने पाणी ओतवत नाही.

बाबा गेल्यापासून तुझा पेला कोण भरतं गं?

तुझी,
इंग्रिड