दोन निळ्या बाटल्या

प्रिय मास्तर,

‘प्रिय’ लिहून पाच मिनिटं नुसता बसून होतो. पण खोडणार नाही. कालपासून तुझे सहा फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. तुला वाटलं असेल, शर्यतीनंतर पाय आखडले, पडलाय अंथरुणात. पाय ठणठणीत आहेत, डोकं ठिकाणावर नाही. एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून हे लिहितोय. रहिवाशांना सांगितलंय की दोर तपासायला तास-दीड तास लागेल. दोर बघून कधीच झालाय.

काल एकतिसाव्या किलोमीटरला, जिथे ज्याच्या त्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, त्या टेबलावरून मी तुझी बाटली उचलली. चुकून. तूच शिवलेल्या त्या निळ्या खोळी, एकाच पँटच्या उरलेल्या कापडातल्या. तुझ्या खोळीला लाल दोरा, माझ्या खोळीला पांढरा. आता एकतीस किलोमीटर धावून आलेल्या माणसाला दोऱ्याचा रंग कुठला दिसतोय! शिवाय शर्यतीत तू कायम माझ्या पुढे. टेबलावर एकच निळी बाटली दिसली, म्हणजे तू तुझी घेऊन गेलास आणि ही माझी, असं मी धरून चाललो. माझी पाण्याच्या पिंपाआड होती आणि तू माझ्या बराच मागे होतास, हे नंतर कळलं. एका दमात मोठा घोट घेतला. संत्र्याची चव, मीठ, आणि त्याखाली ती. मास्तर, सहा वर्षं झाली, पण जिभेला ओळख पटायला क्षणही लागला नाही.

मग खोळीवरचा लाल दोरा दिसला आणि मी हादरलो. टेबलामागच्या बाई विचारत होत्या, काका, बरं वाटत नाही का, जरा बसता का. मी म्हणालो, काही नाही, मीठ जास्त पडलंय. मग बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती होती तिथेच ठेवून दिली. ओतून का नाही दिली, हे कालपासून स्वतःला विचारतोय. खरं सांगू? मला वाटलं, तू मागून येशील आणि तुला ती मिळाली नाही तर तुझं काय होईल. इतक्या लगेच मी तुझ्या बाजूने विचार करायला लागलो होतो, दारुड्यासारखा.

तुझ्या दुकानावरच्या इमारतीत मी लिफ्ट दुरुस्तीला आलो होतो, तो दिवस आठवतो ना? भर दुपारी पिऊन मी लिफ्टच्या टपावर झोपलो, खालून कुणीतरी बटण दाबलं आणि मी वर वर निघालो. तू गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून धावलास आणि मेन स्विच पाडलास. छत माझ्या नाकापासून हातभर राहिलं होतं. मला खाली उतरवल्यावर तू शिवी दिली नाहीस, नुसतं म्हणालास की तूही चार वर्षांपूर्वीपर्यंत असाच होतास, उद्या सकाळी साडेपाचला दुकानापाशी ये. मी आलो, कामावरचे बूट घालून. टपालपेटीपर्यंत धावलो आणि तिथेच ओकलो. तू म्हणालास, छान, उद्या पेटीच्या पुढे जाऊन ओकायचं.

समुपदेशक बाई सांगायच्या, ओढ आली की वीस मिनिटं थांबा, ती ओसरते. त्याचं तू आपल्या भाषेत करून दिलंस: वीस मिनिटं उलट्या दिशेला पळ, मग दारूच्या दुकानापर्यंत परत यायचाच कंटाळा येतो. हसता हसता मी जगलो. चार पावलांना श्वास घ्यायचा, चार पावलांना सोडायचा, आणि डोक्यात काहीही आलं तरी फक्त पुढच्या खांबाचा विचार करायचा. काल शेवटचे अकरा किलोमीटर मी तसेच काढले. प्रत्येक खांबाला तुझा आवाज ऐकू येत होता आणि प्रत्येक खांबाला तुझा राग येत होता.

आता एकेक गोष्ट आठवतेय. हिवाळ्यापासून तू बटणांची काजं बाहेर करायला देतोस, म्हणतोस चष्म्याचा नंबर वाढलाय. माझ्या पँटचा एक पाय वर, एक खाली आला, तेव्हा मी तुझी थट्टा केली होती. रविवारी सरावाला उशिरा येतोस, गुडघा दुखतो म्हणून मागे राहतोस, तोंडात सतत पेपरमिंट. मास्तर, हे सगळे बहाणे माझेच होते, मी बायकोजवळ वापरून झालेले. तरी मला काही कळलं नाही. शर्यत संपल्यावर पाऊण तासाने तू आलास, मला मिठी मारलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, लेका, सहा वर्षं पुरी केलीस! माझ्या मुलीने आपला फोटो काढला. त्यात मी हसतोय, तो फोटो मला बघवत नाही.

पण तुझी झडती घ्यायला हे पत्र लिहिलेलं नाही. झाकण घट्ट लावलं असं वर लिहिलंय ना, त्याच्या आधीचं एक राहिलं. पहिला घोट पोटात गेल्यावर मला पुरतं कळलं होतं की बाटलीत काय आहे. कळल्यावर मी आणखी एक घेतला. बायका-पोरांच्या नजरा चुकवायचो तशी त्या बाईंकडे पाठ करून, सावकाश. पहिल्याला चूक म्हणता येईल, दुसऱ्याला नाही. घसरलं की दुसरा सूर्य मावळायच्या आत एका माणसाला सांगायचं, असं आपलं ठरलंय. माझा तो माणूस तू आहेस, दुसरा मी कधी शोधलाच नाही. म्हणून हे पत्र आत्ता खाली उतरून तुझ्या शटरच्या फटीतून आत सरकवणार आहे. उद्या दहाला मी समुपदेशक बाईंकडे जाऊन माझं सांगणार आहे. तुझं सांगणार नाही, ते तुझं तू सांग. साडेनऊला दुकानापाशी थांबतो. धावायचं नाही, चालत जाऊ. ये रे, मला एकट्याला जायची फार भीती वाटतेय.

घसरलेला, तरी तुझाच,
लिफ्टवाला