हयातीपुरते नव्हे, पूर्ण मालकीने

कर्र, कर्र, टक्. कर्र, कर्र, टक्. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या लाकडी रेच्याचा हा आवाज आज सकाळपासून माझ्या कानात आहे. मी नथ्थू झिपरू कोठावदे, वय वर्षे एकाहत्तर, पेन्शनर मराठी शिक्षक, राहणार सारंगखेडे, तालुके शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. म्हाताऱ्याला आवाज ऐकू येत होते, सबब तो भ्रमिष्ट होता, असे पुढे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, हा आवाज साठ वर्षांपूर्वीचा आहे आणि गावात आज एकही रेचा उरलेला नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. गेलेला आवाज आणि चालू आवाज यांतला फरक ज्याला कळतो त्याची बुद्धी शाबूत आहे असे धरून चालावे.

रेचा माझी थोरली बहीण भागी फिरवीत असे. मी उंबऱ्यावर बसून शाळेची कविता घोकी आणि अडलो की ती हात न थांबवता पुढचा चरण सांगे. तिला अक्षरओळख नव्हती. ऐकून ऐकून तिला सगळे पुस्तक येत होते, कुठे यती, म्हणजे चरणातला विसावा, चुकला तेसुद्धा कळत होते. आम्हा दोघांत जिला कविता कळत होती तिच्या वाट्याला रेचा आला आणि ज्याला ती नुसती पाठ होत होती तो मास्तर झाला. चौदाव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली.

कलम पहिले, आणि ते माझ्याच विरुद्ध आहे. सन १९०३ साली वडिलांच्या मृत्युपत्राचा मसुदा मी केला. भागीविषयी मी लिहिले, "तीस आमचे घरी अन्न, आच्छादन आणि आश्रय आमरण." चारी शब्द अ-आने सुरू होतात म्हणून मी दोन दिवस हवेत होतो. सहा वर्षांनी भागीने धुळ्यास जाऊन सुईणीचे काम शिकायचे ठरवले, तेव्हा वडिलांमागे घर ज्यांच्या हाती गेले त्या आमच्या चुलत्यांनी तोच कागद तिच्यापुढे धरला. "घराबाहेर राहिलीस की आश्रय संपला. आश्रय संपला की अन्न संपले. तुझ्या मास्तरानेच लिहिले आहे." तिच्या नावावर एक तांब्यासुद्धा नव्हता की विकून गाडीभाडे करावे. मी त्या वेळी अक्राणीच्या डोंगरात धडगावच्या शाळेवर होतो. तिने कोणाकडून तरी पत्र लिहवून घेतले, "नथू, एवढा शब्द काढता येईल का?" उत्तरादाखल मी तिला धीर धरण्याविषयी बारा ओळींची कविता पाठवली. कविता चांगली होती. म्हणूनच तिची मला जास्त किळस येते. भागी १९२४ साली वडिलांच्या त्याच घराच्या मागल्या खोलीत वारली.

कलम दुसरे. सारंगखेडे येथील माझे घर, चार खोल्या, ओटा, परसातली विहीर व कडुनिंब यांसह, मी १९२१ साली स्वकष्टाच्या पैशाने बांधले. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. हे घर आणि कळसाडी शिवारातील माझे कपाशीचे तीन एकर रान मी माझी सून फुलवंताबाई हिला देतो. हयातीपुरते नव्हे, पूर्ण मालकीने. तिने ते विकावे, गहाण टाकावे, दान करावे, पाडून तिथे वांगी लावावी. कोणाला विचारावे लागणार नाही.

हे वाक्य लिहिण्यासाठी मी शहाद्यास वकील करणसिंग यांच्याकडे गेलो होतो. ते चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, 'हयात असेतो' असे घाला. बाईमाणसाला सगळे तसेच देतात."

"सगळे देतात म्हणूनच आलो आहे."

"उद्या तिने भलत्याच्या घशात घातले तर?"

"माझ्या बापाने माझ्या चुलत्यांच्या घशात घातले, तेव्हा तुमचे वडील वकील होते. त्यांनी असे नाही विचारले."

करणसिंगजींनी फी घेतली नाही. मसुदाही केला नाही. म्हणून तो मी करीत आहे, आणि यात अनुप्रास कुठे सापडल्यास तो चुकून झाला असे समजावे.

फुलवंताबाई कोण, हे गावाला सांगायला नको, पण कोर्टाला सांगितले पाहिजे. माझा एकुलता मुलगा पितांबर याची ती लग्नाची पहिली बायको. आमच्या गावच्या जत्रेत घोडी घेणारा तिच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघतो. भोवरा वाईट निघाला तर घोडी फुकट दिली तरी नेत नाही. पितांबर लहानपणी त्या बाजारात माझे बोट धरून हिंडला. मॅट्रिक झाला, धुळ्यास राहिला, खादी घालू लागला, आणि लग्नाला पाच वर्षे होऊन मूल नाही असे पाहताच आपल्या मावशीच्या सांगण्यावरून त्याने बायकोची मान तपासली. मानेवर नागीण म्हणतात तसला भोवरा निघाला. १९३० च्या पौषात त्याने तिला माझ्या ओट्यावर आणून सोडले. बाजारातला दलाल निदान घोडीला चंदी घालून परत पाठवतो.

त्यानंतर सात वर्षे त्याचा निरोप नाही. निरोप आला तो १९३७ च्या निवडणुकीत. लिहितावाचता येणाऱ्या बायकांना मत मिळाले होते आणि फुलवंताबाईचे नाव यादीत होते. पितांबरच्या पक्षाने बैलगाडी पाठवली, शिंगांना झेंडे बांधून. ती गाडीत बसून गेली आणि गाडीतच बसून परत आली.

मी विचारले, "कोणाला दिलेस?"

"पेटी गुप्त असते, मामंजी," असे म्हणून ती भाकरी थापायला गेली. माझ्या हयातीत राजकारणावर मी ऐकलेले हे एकच सुज्ञ भाषण.

कलम तिसरे. दुसरे कलम मी तिला वाचून दाखवले. मी आधी त्यात "सुशील व सालस" असे दोन शब्द घातले होते. ती म्हणाली, "ते काढा. उद्या कोणी उठून सालसपणाचा दाखला मागेल." शब्द काढले. उलट स्पष्ट लिहितो की, या देणगीला वर्तनाची कसलीही अट नाही. तिने पाट लावला, धर्म बदलला, केस कापले, दुपारी झोपून राहिली, कोणाशी हसून बोलली, तरी घर तिचे. पुरुषाला घर देताना त्याच्या चारित्र्याची अट आजवर कोणी घातलेली मी पाहिली नाही. घातली असती तर या गल्लीतली निम्मी घरे बेवारस झाली असती.

कलम चौथे. ओट्यावर दुपारी ती नऊ मुलींना शिकवते. त्या मुलींना माझा फळा, नकाशे आणि कवितांची सगळी क्रमिक पुस्तके. या कवितांवर मी जन्मभर जीव लावला, अजूनही पहाटे जाग आली की दिंडी वृत्तातली एखादी ओळ ओठावर असते, ते प्रेम मी मागे घेत नाही. फक्त मुलींनी एवढे मोजावे की कवितेतली बाई किती वेळा वाट बघते आणि किती वेळा कुठे जाते. मी चाळीस वर्षे शिकवून हे मोजले नाही. छडी मात्र चुलीत घालावी.

कलम पाचवे. चिरंजीव पितांबर यास त्याचेच "स्त्री ही राष्ट्राची जननी" या विषयावरील छापील व्याख्यान परत. त्याने सात प्रती पाठवल्या होत्या. पाने न फोडल्यामुळे कोऱ्या करकरीत आहेत. दोन बायकांचा नवरा महिला परिषदेचा स्वागताध्यक्ष होतो आणि बायका पडद्यामागे बसून टाळ्या वाजवतात, त्या देशाला स्वराज्य मिळेल, पण अर्ध्याच घराला. माझ्या शोकसभेत त्याने बोलू नये. अग्नी फुलवंताबाईने द्यावा. भटजी नाही म्हणाले तर भटजींवाचून द्यावा. पेटायला लाकूड लागते.

कलम सहावे. पितांबरची दुसरी बायको मथुराबाई हिला काही नाही. हिला मी पाहिलेले नाही, पाहण्याची इच्छा नाही. इंग्रजी तीन इयत्ता शिकून जी दुसरीच्या संसारावर जाऊन बसते, तिच्या शिक्षणावर थुंकावेसे वाटते.

हे कलम लिहिताना मी मोठ्याने वाचत होतो. समोर कालीबाई बसली होती. ही अक्राणीतली पावरा जमातीची बाई, धडगावला माझ्या शाळेत लाकूडफाटा आणून टाकी, आता दरवर्षी कापूस वेचायला डोंगरातून खाली उतरते आणि माझे रान तिच्याच हाताखाली असते. तिने तंबाखूची चिमूट तशीच हातात धरून मला विचारले, "मास्तर, बायको टाकनारा तुन्हा पोऱ्या, अन् शिव्या खानारी ती बाई? हाई कसानी शाळा?"

कलम खोडणार होतो, पण खाडाखोड झाली की कागदावर शंका घेतात. तेव्हा ते तसेच राहू दे, आणि त्याखाली लिहून ठेवतो की ते चुकीचे आहे व त्यातली थुंकी लिहिणाराच्या तोंडावर पडलेली आहे.

कालीबाईने तरुणपणी पहिला नवरा सोडला. पंच बसले, दुसऱ्या नवऱ्याने पहिल्याला देज, म्हणजे मुलीसाठी मोजलेले पैसे, परत केले, आणि ती भर दिवसा चालत नव्या घरी गेली. मी तेव्हा धडगावात नवा होतो. मी खाली पत्रे लिहिली की, जंगलात स्त्री स्वतंत्र आहे, आपण सुधारलेले लोक तिच्या पायाशी बसण्याच्या लायकीचे नाही. परवा हेच तिला ऐकवले तर म्हणाली, "देज मन्हा बापले भेटनं. माले मन्हा पाय भेटनात, त्यास्नावर मी चालनू." म्हणजे डोंगरातही कागद पुरुषांचाच. मी आयुष्यभर बायकांविषयी जे जे सुंदर लिहिले ते कोणत्याही बाईला विचारल्यावाचून लिहिले.

कालीबाईस या मृत्युपत्रान्वये काही दिलेले नाही, कारण ती साक्षीदार आहे. मी सांगू लागलो तेव्हा तिनेच मला थांबवले. "मन्हा अंगठा इकाऊ नही शे."

कलम सातवे, साक्षीदारांविषयी. कायद्याने दोन साक्षीदार लागतात आणि दोघांच्या समक्ष मी सही केली पाहिजे. दुसरा मिळाला नाही, तर हा कागद रद्दी. मग घर पितांबरचे, ओटा त्याच्या सभांचा आणि फुलवंताबाई भागीच्या जागी, मागल्या खोलीत, आश्रयाला. पंधरा दिवस मी गावात फिरलो. शाळेचे हल्लीचे हेडमास्तर म्हणाले, "पितांबरभाऊ लोकल बोर्डात आहेत, माझी बदली होईल." मी त्यांना सांगितले, माझी धडगावला झाली होती, माणूस मरत नाही. पोलीस पाटलांनी बाईच्या अंगठ्याशेजारी आपली सही शोभणार नाही असे कळवले. माझा जुना विद्यार्थी वाहरू, ज्याला मी पाढे येईपर्यंत घरी जेवू घातले, तो माझे पाय धरून म्हणाला, "मास्तर, तुम्हनाकरता जीव देसू, पन सही नका मांगा." जीव देणारे मला या गावात पुष्कळ भेटले. त्या जिवांचे मी काय करू?

फुलवंताबाईची सही चालणार नाही, घर तिलाच मिळायचे आहे. मुली कायद्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहेत. डॉक्टर म्हणतात माझे हृदय संक्रांत पाहणार नाही. आज कालीबाई रानातले काम टाकून सकाळपासून बसली आहे, उद्या ती वेचणीच्या टोळीबरोबर तापीपार जाणार. तेव्हा आजच्या दिवसात दुसरा माणूस आला तर आला. दार उघडे ठेवले आहे.

येणेप्रमाणे लिहिलेले मी दोनदा वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे. पूर्वी केलेला कोणताही कागद याने रद्द. वडिलांचा तो रद्द करण्याचा अधिकार मला नाही, असता तर सर्वांत आधी तो रद्द केला असता.

मुक्काम सारंगखेडे. रविवार, तारीख ९ नोव्हेंबर १९४१, दोन प्रहर.

लिहून ठेवणार: नथ्थू झिपरू कोठावदे (सही दोन्ही साक्षीदार समोर आल्यावर करीन)

साक्षीदार पहिली: कालीबाई, राहणार धडगावाजवळ, महाल अक्राणी (डाव्या हाताचा अंगठा त्याच वेळी घेईन)

साक्षीदार दुसरा:

येथे जागा सोडली आहे. ती भरेपर्यंत जे घडते आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे दस्तऐवज पुरा होईल.

ओट्यापाशी छकडा थांबला. त्यातून एक बाई उतरली, गाडीच्या धुळीने माखलेली, तिशीची असेल. ओळखीची नाही. फुलवंताबाई दारात गेली आणि तिथेच उभी राहिली. कालीबाईने तंबाखू थुंकून मान वर केली.

बाई उंबऱ्याच्या बाहेरूनच मला म्हणाली, "मी मथुरा. धुळ्याहून आले."

मग फुलवंताबाई बाजूला सरकली आणि म्हणाली, "ऊन आहे. आत ये."

ती आत आली नाही. म्हणाली, "तुमचा कागद थांबवायला त्यांनी मला पाठवलं. म्हणाले, पायांवर पडून रड, म्हातारा विरघळतो. मला दोन्ही मुलीच झाल्या, मामंजी. चैत्रात तिसरी बायको आणायची बोलणी चालली आहेत." तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली. "मला रडणं जमायचं नाही. सही येते. कुठं करायची?"