‘ठीक आहे’ म्हणणारी माणसं

प्रिय आई,

ड्यूटी संपली तरी खुर्चीतून उठवत नाहीये. दिवसभर हेडफोन लावून कान ठणकतात, आणि ‘आज कसं वाटतंय?’ इतक्यांदा विचारते की परवा भाजीवाल्यालाही विचारून बसले. त्या बिचाऱ्याने गुडघ्यांचं सगळं गाऱ्हाणं ऐकवलं.

आमचं काम तुला ठाऊकच आहे. किमो घेऊन घरी गेलेल्यांना व्हिडिओ कॉल करायचा. ताप, उलट्या, तोंडातले फोड विचारायचे, आणि काही वावगं दिसलं तर डॉक्टरांना जोडून द्यायचं. त्यात एक शिंपीकाका आहेत. कधीही विचारा, ‘एकदम झकास!’ ते माझ्यासाठी नसतंच, शेजारी बसलेल्या काकूंसाठी असतं. काल मात्र भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, आणि हनुवटी थरथरत होती. ताप मोजा म्हटलं, तर थर्मामीटर सापडत नाही म्हणे. मग मी काकूंनाच कपाळाला हात लावायला सांगितला. हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. किमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा तापही जिवावर बेततो. मी डॉक्टरांना कॉलवर घेतलं, अँब्युलन्स पाठवली आणि ती दारात येईपर्यंत कॉल चालू ठेवला. काका पुटपुटत होते, “उगाच घाबरवलंस तिला.”

आज त्यांचा ताप उतरलाय. काकूंचा फोन आला होता. रडल्या नाहीत, चिडल्या होत्या. “दोन दिवस ताप लपवला माझ्यापासून. मला काय काचेची समजतो हा माणूस?”

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे लिहितेय. दादाने मला सगळं सांगितलंय. तुझ्या किमोनंतरच्या कॉलवर तूही नर्सला ‘ठीक आहे’ म्हणतेस, आणि कॉल संपला की भिंत धरधरून बाथरूमला जातेस. मला कळवायचं नाही असं त्याला बजावलंयस. त्याला रागावू नकोस. दिवसभर मी परक्यांचे चेहरे वाचते गं, पण तुझा मला पडद्यावर वाचता येत नाही. तू हसलीस की मी फसते. रजा टाकली आहे, पुढच्या आठवड्यात येते. तुझ्या कॉलच्या वेळी शेजारी बसेन. माझ्यासमोर सांगवत नसेल तर स्वयंपाकघरात जाऊन थांबेन. पण कॉलवरच्या त्या नर्स मुलीला खरं सांग.

तुझीच,
धाकटी