बिनपरवान्याची बस

४ मार्च
बसचा परवाना नवा करायचा कागद आला. आमचं ब्लँटायर ते परदेशातलं जोहान्सबर्ग — आमच्यासारख्या इथल्या मालकाला जी फी, तिच्या पाव हिश्शात परदेशी कंपनीची बस तोच रस्ता धावते. तोच डेपो, तेच प्रवासी! छपाईची चूक असेल असं वाटलं.

५ मार्च
चूक नाही. ऑफिसातला साहेब तरुण, बोलायला मऊ. खुर्ची दिली. म्हणाला, “आई, त्यांच्या देशाशी आपला करार आहे. तुमच्याशी करार कसला? तुम्हाला कायदा.”
आम्हालाही तेवढीच फी लावा, असा अर्ज लिहून दिला. पोच घेतली.

३१ मार्च
उत्तर नाही. पूर्ण फी झेपणारी नव्हती. परवाना संपला. बस अंगणात, आंब्याखाली.

२ एप्रिल
सकाळीच बेस्टर आला. एकोणीस वर्षं हीच बस चालवतोय — आधी माझ्या नवऱ्यासाठी, फॉस्टर गेल्यावर माझ्यासाठी. काच पुसली, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, बंद केलं. चहा प्यायला. उद्या येतो म्हणाला. कशाला, ते मी विचारलं नाही.

११ एप्रिल
मागच्या गल्लीतल्या नगामाबाईंची लेक एलिझा जोहान्सबर्गला वारली. घरकामं करायची. तिकडे मेलेली आपली माणसं आमच्या बसमागच्या ट्रेलरमधून घरी यायची. भाडं घेत नव्हतो, फॉस्टरनेच तसं ठरवलेलं. परदेशी कंपनीने सांगितलं, आम्ही शवपेट्या नेत नाही.
नगामाबाई आल्या, ओट्यावर बसल्या. बराच वेळ बसकडे बघत होत्या.
“चाकं तर आहेत गं,” एवढंच म्हणाल्या.
मी परवान्याचं सांगायला लागले. माझं मलाच ऐकवेना.

१५ एप्रिल
एलिझाला तिकडेच पुरलं. तिच्या आईने फोनवर पाहिलं — ऐन माती लोटताना चित्र अडकलं. मी मक्याच्या पिठाची न्सिमा आणि भाजी करून नेली. कुणी हात लावला नाही.

२० एप्रिल
बेस्टरला परदेशी कंपनीने बोलावलंय. चार दिवस बोलला नाही, त्याच्या बायकोकडून कळलं. मी म्हटलं, जा. त्याने मान वर केली नाही.
“आई, त्यांची बस घेऊन तुमच्या दारावरून जाऊ कसा?”
“पोरांच्या शाळेचं काय, ते सांग आधी.”
गेला. मग आत जाऊन रडले.

६ मे
फॉस्टरची बहीण सीमेपलीकडे, मोझांबिकमध्ये टेटेला राहते. नवरा तिथलाच. तिचा फोन — बस इकडे आण वहिनी, ह्यांच्या नावावर करू, मग तीही परदेशी ठरेल. पूर्ण दिवस विचार केला. संध्याकाळी हो म्हटलं.

९ मे
रंगारी आला होता. बसवरचं ‘फॉस्टर अँड वाइफ’ झाकायचं होतं. ‘फॉस्टर’ रंगाच्या एका हातात गेलं. ‘वाइफ’ला दोन हात द्यावे लागले.

२९ मे
टेटेच्या नंबरप्लेटने बस सीमेवरच्या मवान्झा नाक्यावरून आत आली. चालक नवा, मी पुढच्या सीटवर, तिकीट काढून. कारकुनाने कमी फीची पावती फाडली, कागद चाळले, माझ्याकडे पाहिलं.
“बाई, मालक तुम्ही का?”
मी नाही म्हटलं.