मामा, मी ॲल्युमिनियमचं चाक बसवलं

प्रिय मामा,

आज सोमवार, गॅरेजला सुट्टी. तुमच्याच स्टुलावर बसून हे लिहितेय. तुम्ही गेल्याला सव्वा वर्ष झालं. इतक्या दिवसांत एक ओळ लिहायचा धीर झाला नाही. काल मात्र असं काही घडलं, की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. मी एका गाडीला ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील बसवलं होतं. थांबा, चिडू नका! आधी सगळं ऐकून घ्या.

चंदगडहून लग्न होऊन कोल्हापुरात आले, तेव्हा सासऱ्यांना 'मामा' आणि सासूबाईंना 'आत्ती' म्हणताना माझी जीभ अडखळायची. तुम्हीच एक दिवस म्हणालात, "घरात बसून कटाळली असशील तर चल की गॅरेजात." आत्ती बघतच राहिल्या. तुमच्या लेकाला, सागरला, इंजिनात कधी रस नव्हता, त्याला त्याची कागलची नोकरी बरी. मग पाना आला सुनेच्या हातात!

पहिल्याच आठवड्यात तुम्ही फ्लायव्हीलचं ते जड गोल चाक माझ्या हातात दिलंत. हात खालीच गेले माझे. "हे इंजिनाच्या मागं बसतंय. क्लच ह्याला धरतोय, मग गाडी हालती. जड असलं की गाडी निवांत उचलती. हलकं असलं की इंजिन चटकन पळतंय, पर चटकन दमतंय बी." इतकं सोपं करून मला दुसऱ्या कुणी काही शिकवलं नाही, मामा.

चार वर्षांत मला जरा शिंगं फुटली, नाही का? घरच्या गाडीचा क्लच बदलायला काढला तेव्हा मी हट्टच धरला. ॲल्युमिनियमचंच चाक घालायचं! हलकं, पिकअप चांगला, सगळी पोरं तेच बसवतात. तुम्ही म्हणालात, "घरच्या गाडीला स्टीलच बरं. वजन असतंय, चढ असतोय." मी म्हटलं, "मामा, जमाना बदलला." आणि तुम्ही दोन दिवस गावाला गेलात तेवढ्यात मी बसवूनही टाकलं. परत आल्यावर तुम्ही एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "पळती झकास." रागावला का नाहीत तेव्हाच?

आठ दिवसांनी आपण माझ्या माहेरी गेलो. परतताना मागं तांदळाची दोन पोती, आत्ती, आणि बाहेर चंदगडचा तो धो धो पाऊस. घाटाच्या चढावर पुढची एसटी थांबली, म्हणून तुम्हीही थांबलात. पुन्हा उचलायला गेलात तर इंजिन बंद. परत चालू केलं, परत बंद. तिसऱ्यांदा गाडी मागं घसरली आणि मागचं चाक गटारात गेलं. आत्तींचा हात दारावर आपटला. त्यांचं ते "आई गं!" मला अजून ऐकू येतं.

एसटीचा ड्रायव्हर उतरून आला. "काय झालं पावणं?"

तुम्ही चाकामागं दगड लावत होता. मान वर न करता म्हणालात, "क्लच जुना झालाय."

आठ दिवसांचा क्लच, मामा! जुना? माझ्यासाठी खोटं बोललात तुम्ही, आणि मी गाडीत गप्प बसून राहिले. आत्तींचा हात महिनाभर गळ्यात बांधलेला होता, तरी माझ्या तोंडातून खरं निघालं नाही.

घरी आल्यावर तुम्ही ते ॲल्युमिनियमचं चाक उतरवलंत. म्हणालात, "चाकाला बोल लावू नको. गाडी कुठं चालायची ते आपण बघितलं न्हाय." 'आपण' म्हणालात! मी मात्र शरमेनं नुसती मान हलवली. त्याच थंडीत तुम्ही झोपेतच गेलात. माफी मागायची राहूनच गेली.

त्यानंतर मी काय केलं ठाऊक आहे? जो येईल त्याला स्टील! कुणी ॲल्युमिनियमचं नाव काढलं की म्हणायचं, "आमचे मामा असलं चाक बसवायचे नाहीत." तुमचं नाव पुढं केलं की कुणी वाद घालायचं नाही. खरं सांगू? ती तुमची शिकवण नव्हती, माझी भीती होती.

गेल्या महिन्यात जयसिंगपूरची राजश्री आली. ट्रॅकवर शर्यतीत गाडी चालवते ती. नवीन क्लच, आणि ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील हवं म्हणाली. मी नेहमीचं उत्तर दिलं. ती निघाली, पण दारातून मागं वळली. "ताई, माझी गाडी टेम्पोवर चढवून नेतात. ती रस्त्यावर येतच नाही, घाट कसला चढतीय! ती कुठं चालते, हे तुम्ही विचारलंच नाही की."

मामा, तुमचंच वाक्य एका परक्या पोरीच्या तोंडून! मी तिला परत बोलावलं, चहा पाजला, सगळं विचारलं. मग चाक मागवलं. क्लच घासतो तिथं स्टीलची चकती नीट बसलीय का ते बघितलं, बोल्ट तुम्ही शिकवलेत तसे समोरासमोरचे आवळले. गाडी सोडताना तिला बजावलं, "सुरुवातीला रेस जास्त ठेव, नाहीतर बंद पडेल."

काल शर्यत होती, मीही बघायला गेले होते. आणि बाई गं, सुरुवातीलाच तिची गाडी बंद पडली! पण लगेच चालू झाली, आणि मग वळणातून बाहेर पडताना इंजिन जे उसळलं! सगळ्यांत शेवटी निघालेली पोर तिसरी आली. एकानं तिला विचारलं, "क्लचचं काम कुणी केलं?" तिनं माझ्याकडं बोट केलं. तो माझ्या मागं कोण उभं आहे ते बघायला लागला! हसू आलं मला. त्याची जीप आहे, उसाच्या रानात सामान ओढते. त्याला मी सांगितलं, "तुम्हाला स्टीलच." उद्या येतोय तो.

घरी येऊन आत्तींना सगळं खरं सांगून टाकलं, घाटातलंसुद्धा. त्या शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला ठाव हाय की. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं हुतं. म्हणाले, चाक चुकलं पोरीचं, पर बसवलंय असं की एक बोल्ट सैल न्हाय. ही माझ्यापेक्षा चांगली मिस्त्री हुणार."

मला का नाही सांगितलंत हो, मामा? किती रडले मी काल! पण ते रडणं बरं वाटलं.

आता एक शब्द देते. इथून पुढं तुमच्या नावाआड लपणार नाही. स्टील म्हणेन किंवा ॲल्युमिनियम म्हणेन, पण आधी विचारेन, आणि मग जे सांगेन ते 'मी सांगते' म्हणून सांगेन. चुकलं तर तिथंच, सगळ्यांसमोर, 'माझं चुकलं' म्हणेन.

तुमची सून आणि तुमच्या गॅरेजची मिस्त्री,
उज्ज्वला